शेठजींचा अर्धा गुडघा

संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, पण रोग्यांची नावं नकोत." मी म्हटलं, नावं मला तशीही आठवत नाहीत, मला गुडघे आठवतात. बाजारात कोणी नमस्कार केला की मी आधी त्याची चाल बघते, पाय बघते, आणि मग कुठे तोंड ओळखीचं वाटायला लागतं. माझा नवरा म्हणतो, चारचौघांत लोकांच्या पायांकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही. नसेल बाप्पा. चौतीस वर्षं गुडघे वाकवून पोट भरलं, आता रिटायर झाले म्हणून नजर थोडीच रिटायर होते?

मी फिजिओथेरपिस्ट. वर्ध्यात हा शब्द माझ्या हयातीत कोणी एका दमात उच्चारला नाही. निम्मे लोक 'व्यायामवाली बाई' म्हणायचे आणि निम्मे 'मालिशवाली'. मालिशवाली म्हटलं की मी पहिली दहा वर्षं चिडायचे. पुढे कळलं की मालिशवाली समजून लोक चहासोबत चिवडाही देतात, तेव्हापासून चिडणं सोडलं.

काम साधं आहे. डॉक्टर ऑपरेशन करून मोकळे होतात, फोटो काढतात, नमस्कार घेतात. त्यानंतर तो सुजलेला, रुसलेला पाय रोज थोडा थोडा वाकवायचा, रोग्याच्या शिव्या खायच्या आणि तरी दुसऱ्या दिवशी हसत जायचं, हे आमच्याकडे. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसायची, कोन मोजायची पट्टी असायची. नव्वदपर्यंत गुडघा वाकला की खुर्चीवर बसता येतं, त्याच्या पुढे वाकला की जिने, आणि एकशेतीसच्या आसपास गेला की मांडी घालायची गोष्ट काढावी.

रोगी एकेक नमुना. हायवेवरच्या जाम गावाच्या चौफुलीवर एक ढाबेवाला होता. त्याला सांगितलं, पंजा वर-खाली करायचा, दर तासाला दहा वेळा, म्हणजे पायात रक्त साकळत नाही. त्याला घड्याळाचा कंटाळा. त्याने ठरवलं, समोरून ट्रक गेला की एकदा पंजा हलवायचा. आता जामला ट्रक मोजायला बसल्यावर काय होणार? दुपारी त्याचा फोन, "बाई, पोटऱ्या दगड झाल्या, अन् नागपूरकडचे तर मी धरलेच नाई!"

पण लिहायचं आहे ते देवळीच्या शेठजींबद्दल. त्यांची परवानगी घेतली आहे. "नाव बदला अन् साड्या चांगल्या होत्या असं लिहा," एवढंच ते म्हणाले. साड्या चांगल्या होत्या.

आधी गुडघ्याचं सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. गुडघा हा एक सांधा असला तरी त्याच्या आत तीन खोल्या आहेत असं समजा. एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या अंगाची आणि एक वाटीच्या मागची. आपल्याकडे बहुतेकांची आतल्या अंगाची खोली आधी झिजते, म्हणून म्हातारी माणसं पाय फेंगडे टाकत चालतात. तिन्ही खोल्या खराब झाल्या तर पूर्ण गुडघा बदलतात. एकच खराब असेल, बाकीच्या दोन ठणठणीत असतील आणि हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट शाबूत असतील, तर फक्त तेवढीच खोली दुरुस्त करतात. वर धातूची टोपी, खाली धातूची चकती, मध्ये प्लास्टिकचा तुकडा. बाकी सगळं देवाने दिलेलं तसंच राहतं. म्हणून असा अर्धा बदललेला गुडघा रोग्याला आपलाच वाटतो, लवकर चालता होतो, वाकतोही जास्त. खोट एवढीच की उरलेला भाग जुनाच आहे. तो पुढेमागे झिजला तर पुन्हा टेबलावर जाऊन पूर्ण करून घ्यावा लागतो. आणि डॉक्टर आधी ठासून सांगत नाहीत. "अर्धा करायचा विचार आहे, पण आत बघून ठरवू," असं म्हणतात. हे 'आत बघून ठरवू' ध्यानात ठेवा, शेठजींनी त्याचाच फायदा घेतला.

आता या 'अर्धा' शब्दाचं आमच्या भागात काय होतं बघा. अर्धा गुडघा म्हटलं की समोरचा लगेच तोंड बारीक करतो. "अर्धाच काऊन? पुरा नाई झाला का? डॉक्टरले जमला नाई का?" एका म्हातारबुवांना तर शेजाऱ्याने विचारलं, "मंग उरलेला अर्धा कधी आहे?"

शेठजींचं देवळीत साड्यांचं दुकान. वडिलांच्या वेळची पांढरी गादी, भिंतीला लोड, आणि गादीवर मांडी घालून बसलेले शेठजी. वय सहासष्ट, आवाज खणखणीत, आणि साडी उघडायची हातोटी अशी की बघत राहावं. घडी हातात घेऊन एक झटका द्यायचे. साडी पाण्यासारखी पसरत जायची आणि पदर बरोबर समोरच्या बाईच्या मांडीवर येऊन थांबायचा. पदर मांडीवर आला की बाई तो हाताने चाचपते, आणि चाचपला की घेते. "बाई, साडी विकाची नसते, मांडीवर ठेवाची असते," असं ते मला सांगायचे. काउंटरच्या उंचीवरून हे जमत नाही. त्याला समोरासमोर, एका पातळीवर बसावं लागतं.

त्यांच्या उजव्या गुडघ्याची आतली खोली पार गेली होती. डॉक्टरांनी अर्ध्याचा सल्ला दिला. आणि इथे आल्या विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे कमलबाई, शेठजींच्या सुनेची आई. वडनेरला त्यांची भाजीपाल्याची शेती. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर हिंगणघाटच्या बाजाराला जायचा, आणि कमलबाईंच्या जिभेचा दरारा त्याच्याही पुढे जायचा. सहा महिन्यांआधी त्यांनी स्वतःचा डावा गुडघा पूर्ण बदलून घेतला होता. तोही मीच वाकवला होता. व्याह्याला चिडवायचा विहिणीला हक्कच असतो, आणि कमलबाईंनी हक्क कधी वाया जाऊ दिला नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या, शेठजींच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "करा तर पुराच करा, शेठजी. आमच्या वडनेरले अर्धं काम कोणी करत नाई."

सगळे हसले. शेठजीही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अर्धंच झालं आणि उत्तम झालं. मुलगा नितीन लग्नसराईमुळे दुकानात अडकला होता. डॉक्टरांनी जे सांगायचं ते शेठजींच्या बायकोला, शांताकाकूंना सांगितलं. संध्याकाळी नितीन आला, मागोमाग कमलबाई. शेठजी उशीला टेकून बसले होते. कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "आत पाह्यलं तं हालत खराब होती. पुराच करा लागला."

शांताकाकूंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

आमच्या वॉर्डात एक खेळ चालतो. गुडघेवाले एकमेकांना "तुमाले किती टाके?" असं विचारतात, आणि ज्याला जास्त तो श्रेष्ठ. अर्ध्या गुडघ्याची चीर लहान, त्यामुळे टाकेही कमी. शेठजींच्या पट्टीखाली तेरा टाके होते. मी स्वतः मोजलेले. समोरच्या खाटेवरच्या गुरुजींनी विचारलं तेव्हा शेठजी म्हणाले, "छब्बीस." गुरुजींना चोवीस होते. ते बिचारे दिवसभर बोलले नाहीत.

मला वाटलं, चार दिवसांची मजा आहे. रोग्याचं गुपित रोग्याचं, आपल्याला काय करायचं? आणि खरं सांगते, मला तो प्रकार फार आवडला होता.

पण शेठजी आपल्याच जाळ्यात अडकले. घरी गेल्यावर नितीनने दुकानात खुर्ची आणून ठेवली. "बाबा, आता खाली बसाचं नाई. पुरा गुडघा बदललेल्याले डॉक्टर काय सांगते, माह्या सासूले विचारा." पूर्ण बदललेल्यांपैकी काहींना मांडी जमते, नाही असं नाही, पण डॉक्टर बहुतेकांना नकोच म्हणतात, आणि कमलबाईंना तर स्पष्टच नको म्हटलं होतं. नितीन पोरगा गुणाचा, बापाच्या काळजीने बोलत होता. पण खुर्चीवरून साडी उघडली की ती बाईच्या मांडीवर न जाता डोक्यावर जायची. एका मास्तरीणबाईंचा चष्मा उडाला. मग नितीनने सांगितलं, तुम्ही नुसते बसा, साड्या मी दाखवतो. आणि आठवड्याभराने सुतार आला, टेप घेऊन. बाबा खाली बसणार नसतील तर गादी कशाला? काढून टाकू, काउंटर करू, समोर उंच स्टुलं ठेवू.

त्या दिवशी मी गेले तर शेठजी दाराजवळ खुर्चीत बसलेले, हात मांडीवर, आणि सुतार त्यांच्या गादीची लांबी मोजत होता. मला बघून हळूच म्हणाले, "बाई, माह्या बापाची गादी आहे. मी गादीवर मरन, पण या खुर्चीवर नाई."

"मग सांगून टाका ना, अर्धाच आहे म्हणून. अर्धावाले बसतात खाली."

"विहीणबाईले काय सांगू? वर्षभर हसन ते. कोणत्याही बारशाले जा, कोणत्याही तेरवीले जा, अर्धे शेठ आले म्हणन. तुम्ही मांडी शिकवा. मी पुऱ्यावरच बसून दाखवतो."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तीन महिने होऊ द्या, दुखत नसेल तर बसू दे, पण सारखी उठबस नको आणि ओढूनताणून नको. तीन महिने भरले आणि आमची शाळा सुरू झाली. दुकानामागच्या साड्यांच्या खोलीत, दार लोटून. नितीनला वाटायचं शेक चालू आहे. शांताकाकू बाहेर पहारा द्यायच्या. तो इकडे फिरकला की खोकायच्या. इतक्या खोकल्या की त्याने एक दिवस त्यांना खोकल्याचं औषध आणून दिलं.

पद्धत माझी स्वतःची. दुकानातल्याच सहा चादरी घड्या घालून एकावर एक ठेवल्या आणि शेठजींना त्यावर बसवलं. उंचावर बसलं की गुडघ्याला कमी वाकावं लागतं. दर आठवड्याला एक चादर काढायची. सहाच्या पाच झाल्या, पाचाच्या चार. तिसऱ्या चादरीला शेठजी अडले, दोन आठवडे तिथेच. कपाळावर घाम, तोंडाने देवाचं नाव आणि मध्ये मध्ये माझ्या आईवडिलांचं. गुडघ्यातून टकटक आवाज येऊ लागला तेव्हा घाबरले. मी सांगितलं, धातू आणि प्लास्टिकचा आवाज आहे, दुखत नाही ना, मग वाजू द्या. व्रणाच्या बाजूची कातडी बधिर लागते म्हणाले; तेही नेहमीचंच. शेवटची चादर निघाली त्या दिवशी ते फरशीवर मांडी घालून बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

लग्नसराई म्हणून नितीनने लांबवलेलं काउंटरचं काम एकदाचं निघालं आणि दोन दिवसांनी सुतार प्लायवूड घेऊन आला. दुकानात पुलगावच्या चार बायका साड्या बघत होत्या आणि नितीन त्यांच्यासमोर घड्या सोडत होता, मोजे काढल्यासारख्या. शेठजी खुर्चीवरून उठले. लोडाला हात टेकला, सावकाश गादीवर उतरले, डावा पाय दुमडला, मग उजवा. आणि हिरवी काठपदराची साडी उचलून झटका दिला. पदर बाईच्या मांडीवर. सुतार डोक्यावर प्लायवूड घेऊन तसाच दारात उभा. नितीन म्हणाला, "बाबा! तुमचा तं पुरा बदलला आहे!"

"मंग?" शेठजी म्हणाले. "बदलणाऱ्यात दम पाह्यजे."

प्लायवूड परत गेलं. गादी राहिली. पूर्ण गुडघा बदलून मांडी घालणारा शेठ म्हणून देवळीत त्यांचं नाव झालं. लोक साडीच्या निमित्ताने मांडी बघायला यायचे. मी तर फुगून बसले होते, कारण 'कोणत्या बाईनं शिकवलं' असंही लोक विचारायचे.

मग एका संध्याकाळी कमलबाईंचा फोन आला. "बाई, आमच्या शेठजीनं मांडी घातली म्हणते. खरं आहे का?"

"अगदी खरं."

"पुरा गुडघा बदलून? मले तं तुम्हीच नाई म्हणलं होतं. त्याईले कसं जमलं बाप्पा?"

या ठिकाणी मला खूप काही बोलता आलं असतं. शेठजींचं गुपित न फोडताही म्हणता आलं असतं की कमलबाई, प्रत्येकाचा गुडघा वेगळा, त्यांचं बघून तुम्ही काही करू नका. ते म्हणणं माझं कामच होतं. पण डोळ्यांसमोर तो प्लायवूडवाला सुतार होता, मला हसू आवरत नव्हतं. मी हसत हसत म्हणाले, "मेहनत हो कमलबाई, मेहनत!"

"हं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन महिन्यांनी वडनेरहून निरोप आला, कमलबाईंचा पाय दुखतो आहे, येऊन जा. गेले. गुडघा सुजलेला, हात लावला तर तापलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटलं. मी विचारलं, पडलात का? नाही म्हणाल्या. काही उचललं का? नाही म्हणाल्या. खोलीच्या कोपऱ्यात सतरंजी अंथरलेली होती आणि सतरंजीवर वरवंटा. स्वयंपाकघरातला वरवंटा इथे काय करतो ते मला कळेना. कमलबाईंच्या धाकट्या जावेने सांगितलं. रोज दुपारी दार लावून त्या मांडी घालायचा प्रयत्न करत होत्या, आणि गुडघा खाली जात नाही म्हणून त्यावर वरवंटा ठेवून दाबत होत्या.

मला न्यायला आलेल्या गाडीनेच त्यांना वर्ध्याला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. नशीब थोर, सांधा जागेवर होता. आत पाणी झालं होतं. डॉक्टर रागावले. हे पुन्हा केलं तर सांधा सैल होईल, दुसरं ऑपरेशन करावं लागेल, असं तोंडावर सांगितलं. कमलबाईंनी मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर सगळ्याईले सारखंच सांगते. शेठजीले बी हेच सांगितलं असन. ते बसते ना?"

"त्यांचं वेगळं आहे, कमलबाई."

"काय वेगळं आहे? त्याईचा पुरा, माहा बी पुरा. पंधरा दिवसांनी पोराच्या लग्नाचा बस्ता आहे, त्याईच्याच दुकानात. पोराची माय खुर्चीवर बसून शालू पाह्यन काय? मी गादीवर बसन."

बाहेरच्यांसाठी सांगते, बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडांची एकदम खरेदी. दोन्हीकडच्या बायका येतात, मधोमध नवरदेवाची आई बसते, आणि तिने हात लावला ती साडी पास.

मी तशीच देवळीला गेले. शेठजींना सगळं सांगितलं, वरवंट्यासकट. त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हीच सांगून टाका ना त्याईले."

"मला सांगता येत नाही. गुपित तुमचं आहे. तुमच्या तोंडून गेलं पाहिजे."

ते गादीच्या कापडावरची सुरकुती बोटाने सरळ करत बसले. मग म्हणाले, "मी सांगतलं तं नितीन म्हणन, अर्धा जुनाच आहे, तो बी झिजन, बसा खुर्चीवर. सुताराचा नंबर अजून त्याच्या फोनात आहे. गादी जाईन, बाई." आणि मग, अगदी हळू, "बस्ता होऊन जाऊ द्या. मंग सांगतो."

"बस्त्यातच बसणार आहेत त्या."

चहा आला होता, तो तसाच राहिला. मी चिडून निघाले. स्कूटीवर सबंध रस्ताभर शेठजींना बोल लावले, आणि चुकून भलत्याच फाट्यावर वळले. सारखं मनात येत होतं की 'मेहनत' हा शब्द शेठजींचा नाही.

बस्त्याच्या दिवशी शांताकाकूंनी मलाही बोलावलं होतं. दुकान भरलेलं. नितीनने सासूसाठी मऊ गादीची खुर्ची मांडली होती. कमलबाई आल्या, मागे जावा, नणंदा, होणाऱ्या सुनेकडच्या बायका. सगळ्या गादीवर बसल्या. कमलबाईंनी खुर्चीकडे बघितलं आणि एका हाताने बाजूला सारली. खांब धरला. उजवा पाय पुढे घेतला आणि खाली उतरायला लागल्या. चेहरा आवळलेला, ओठ दातात. मी पुढे धावले, पण मध्ये बायका, पिशव्या, साड्यांचे ढीग.

शेठजींच्या हातात मोरपंखी शालू होता, अर्धा उघडलेला. तो त्यांनी टाकला. "विहीणबाई, थांबा!" असे ओरडले की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला. गडबडीने उठले, शालूवर पाय पडला. उभ्या आयुष्यात त्यांचा साडीवर पाय पडला नसेल. आणि त्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी पायजमा गुडघ्याच्या वर ओढला.

"हे पाहा. वण चार बोटं आहे. तुमचा वीतभर आहे ना? माहा अर्धाच आहे. आतलाच भाग बदलला. बाकी सगळं जुनं आहे, म्हणून मांडी बसते. मी खोटं बोललो. तुम्ही बसू नका."

मी हशाची वाट बघत होते. शेठजीही बघत होते, मान खाली घालून, पायजमा हातात धरून. नितीनचं तोंड उघडं राहिलं होतं.

कमलबाई हसल्या नाहीत. खांब धरून अर्ध्या वाकलेल्या तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "दोन महिने मी दार लावून रडली, शेठजी. मले वाटे, माहीच मेहनत कमी पडून राह्यली."

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. पण मला राहवलं नाही. म्हणाले, "कमलबाई, मेहनत म्हणाले ती मी. मला माहीत होतं, अर्धा आहे म्हणून."

त्यांनी मान वळवली. "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"अन् तुम्ही फोनवर हसल्या होत्या."

"हो."

जावेने दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. शेठजी कडेला सरकून भिंतीशी उभे राहिले. नितीन घाईघाईने बापाच्या जागी बसला, मोरपंखी शालू झटकून घडी घालायला लागला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा खुर्चीवर. तुमचा तं अर्धा जुनाच आहे म्हणजे."

"नितीनराव," कमलबाई म्हणाल्या. जावयाला त्या नाव घेऊन हाक मारायच्या नाहीत. त्या दिवशी मारली. "सरका तिकडं. शेठजी, बसा गादीवर. खोटं बोलले ते जिभेनं बोलले, हाताचा काय गुन्हा? माह्या पोराच्या लग्नाचा शालू त्याईच्याच हातानं उघडन. अन् ही गादी कोणी काढाची नाई. पुढच्या साली माह्या लहान्या पोरीचा बस्ता आहे."

सासूपुढे नितीन काय बोलणार? सरकला. शेठजी लोडाला धरून खाली उतरले. पहिली साडी त्यांच्या हातून नीट गेली नाही. दुसरी गेली. उंच खुर्चीवर बसलेल्या कमलबाईंच्या मांडीवर पदर पोचवायला ते गुडघ्यांवर पुढे सरकले आणि पदर हाताने नेऊन ठेवला.

"बाई, तुम्ही उभ्या काऊन?" कमलबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ठणकून राह्यला तो. बरफ आणा."

समोरच्या रसवंतीतून मी बर्फ आणला, रुमालात बांधला. एका स्टुलावर त्यांचा पाय ठेवला आणि खाली गादीच्या कडेला बसून बर्फ गुडघ्यावर धरला. वरून साड्या उघडत होत्या, बायका रंगावरून वाद घालत होत्या. चौतीस वर्षांत मी रोग्याला रागावले, चुचकारले, फसवलंही. पण माफी कधी मागितली नव्हती. मागायची कशी तेही नीट येत नव्हतं.

"कमलबाई, माफ करा मला," मी म्हणाले.

त्यांनी गुलाबी साडीचा पदर बोटांत धरून उलटसुलट बघितला. "जरासा डावीकडं धरा," त्या म्हणाल्या.

मी बर्फ डावीकडे सरकवला आणि बस्ता संपेपर्यंत धरून बसले.